मंगळवारचं लिखाण

दुपारचं जेवण झालंय. पंखा फिरतोय. टेबलावर कागद आहे. त्यावर मी तारीख घातली आहे आणि खाली एकच ओळ लिहिली आहे: 'माझी पत्नी अनुसया ही प्रेमळ, कष्टाळू व सोशिक होती.' त्यापुढे काही येत नाही. गेले आठ महिने असंच चाललंय. रोज बसतो, तारीख घालतो, उठतो.

मी गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो; मलमपट्टी आणि डॉक्टरांच्या हाताखालची कामं करायचो. तालुक्याच्या साप्ताहिकात एकोणीस वर्षं जनावरांच्या दुखण्याखुपण्यावर सदर लिहिलं. अनुसयाला वाचता येत नव्हतं. दर मंगळवारी दुपारी ती तांदूळ निवडत बसायची आणि मी तिला लेख वाचून दाखवायचो. "हितं कायतरी चुकलंय," असं ती म्हणाली की मी ती जागा बदलायचो. ती गेली आणि सदर थांबलं. पुढचा लेख तिच्यावरच लिहायचा असं मी ठरवलं. परवा संपादक साळुंखे फोनवर म्हणाले, "आप्पा, या मंगळवारी आलं नाही तर ती जागा राशिभविष्याला देतो. वाईट वाटून घेऊ नका." आज मंगळवार आहे.

मी जरा डोळे मिटावेत म्हणून डोकं टेबलावर टेकतो. पंख्याचा आवाज लांब जातो. मग तो सुपाचा आवाज होतो.

अनुसया समोर बसली आहे. सूप मांडीवर. आम्ही दवाखान्याच्या आवारात, जनावर अडकवायच्या लोखंडी खोड्यात आहोत. दोघंही. मला त्याचं काही वाटत नाही.

"वाचा," ती म्हणते. मान वर करत नाही.

मी ओळ वाचतो.

"सोशिक कोण? मी?"

"असं लिहायची पद्धत आहे."

"भांडून भांडून माझा घसा बसायचा. शेजारच्या गंगूला इचारा. तिला तर आपल्या घरातलं सगळं पाठ हाय."

"मग काय लिहू? जमतच नाही बघ. ऐकायला कोणी नाही."

"मी तरी कुठं सगळं ऐकायची? निम्मं ध्यान खड्यांत असायचं."

"मग चुकलंय कुठं ते कसं सांगायचीस?"

"खोटं लिवलं की तुमचा आवाज बारीक व्हतो. तेवढंच ऐकायची."

मी ती ओळ परत वाचतो. 'सोशिक' या शब्दावर माझा आवाज खरंच खाली जातो. एकोणीस वर्षांत माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं.

खोड्याच्या दांड्यांना एसटीचा रंग आहे. आम्ही एका बाकावर शेजारी बसलोय. गाडी उभीच आहे, तरी खिडकीतून माळ सरकतोय. ती खिडकीशी, मी कडेला, नेहमीसारखे.

"कुठं चाललोय?" मी विचारतो.

"तुमालाच ठावं."

बोंबाळ्यांचा गोठा येतो. तिथं म्हैस आडवी पडली आहे. मी वाकतो आणि सवयीनं तिच्या कानाच्या मुळाशी हात लावतो. कान तापलेला आहे. माझ्या बोटाला कुडी लागते. तो अनुसयाचा कान आहे.

मी हात काढत नाही. तीही झटकत नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, ते आता तिच्यापुढे बोलून जातो. कानाला हात लावून जनावराला ताप आहे की नाही हे मी सांगायचो, डॉक्टरसुद्धा मान डोलवायचे. घरात अनुसयाला तसा हात लावला की ती फटकारायची, "मी काय म्हस हाय?" मग मी ते सोडून दिलं. त्या संध्याकाळी ती म्हणाली, अंग कसकसतंय. मी म्हणालो, गोळी घे आणि पड. बोंबाळ्यांची म्हैस विताना अडली होती, त्यांचा माणूस दारात गाडी घेऊन उभा होता. मी तिच्या कपाळालाही हात न लावता गेलो. सकाळी परत आलो तेव्हा ती धड बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात ती वारली.

"म्हशीचं काय झालं?" ती विचारते.

"सुटली. रेडी झाली."

"बरं झालं."

"तुला राग नाही आला?"

"आला की. पानी प्यायला उठले तर भांडं लांब. लई शिव्या दिल्या तुमाला." ती सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकते. "त्येच लिवा."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्यात. आत्ता बोलला, तवा आवाज बारीक झाला न्हाई तुमचा."

गोठ्यात आमचं टेबल आहे. ती कागद पुढ्यात ओढते.

"आत्ता सांगितलं ते कुठं हाय ह्यात?"

"अजून लिहिलं नाही."

"मग हितं लिवा." ती कागदाच्या रिकाम्या जागेवर अंगठ्याचं नख दाबते. जोर लावते, चिकू पिकलाय का बघताना लावायची तसा. "रोज यायला मला जमायचं न्हाई. तुमचं तुमीच वाचा, मोठ्यांदा."

"अनुसया."

"काय वं?"

काय म्हणायचं ते मला आठवत नाही. ती वाट बघते, आणि सुपाचा आवाज पंख्यात मिसळतो.

जाग येते. गाल टेबलाला चिकटलाय. साडेतीन वाजलेत. कागद हाताखाली आहे. वर तारीख, खाली ती एक ओळ. मी कागद उचलून खिडकीकडे धरतो. ओळीच्या बराच खाली, जिथं काहीच लिहिलेलं नाही, तिथं नखाची बारीक चंद्रकोर उमटली आहे. मी माझी बोटं बघतो. माझी नखं मी कालच मुळापासून कापली आहेत.

मी वरची ओळ खोडतो. त्या खुणेपाशी पेन टेकवतो आणि लिहितो: 'अनुसयाला ताप होता आणि मी म्हशीला बघायला गेलो.'

मग ती ओळ मोठ्यानं वाचतो. आवाज खाली जात नाही. मी पुढची ओळ लिहायला घेतो.