पखुर्डीचं पाणी

आमच्या हिला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. जावयाच्या थोरल्या भावाला ती लग्नापासून चुकीच्या नावानं हाक मारते आणि तो बिचारा मुकाट्यानं ओ देतो. पण आमच्या घरामागच्या झालानाच्या जंगलात कुठल्या नीलगाईचा कान फाटलाय ते विचारा, डावा की उजवा तेसुद्धा सांगेल.

ही म्हणजे विभा, माझी बायको. आम्ही मूळचे साताऱ्याचे. बँकेनं मला गावोगाव फिरवलं आणि शेवटी जयपूरला आणून सोडलं. रिटायर झाल्यावर मी म्हटलं, चला आता घरी. तर ही म्हणाली, "अहो, मागं एवढं जंगल आहे, ते सोडून कुठं जायचं?" संपलं. नवऱ्यापेक्षा जंगल मोठं. राहिलो इथंच.

ही लहान मुलांसाठी पुस्तकं लिहिते. पातळशीच, चित्रंही स्वतः काढलेली. तरस, मुंगूस, घोरपड, साळिंदर. तिच्या पुस्तकात कोल्हा बोलत नाही आणि सिंह न्यायनिवाडा करत नाही. "पोरांना गंमत वाटेल असं काहीतरी घाल की," असं मी एकदा बोलून गेलो, तर म्हणाली, "खरं आहे तेच गमतीचं आहे. खोटं एक अक्षर घालणार नाही." तिचा हा बाणा सगळ्या मराठी मंडळाला ठाऊक आहे. घरात मात्र सगळीकडे पिसं, कवट्या नि वाळकी लेंडकं. घरचं झालं थोडं, नि व्याह्यानं धाडलं घोडं!

दर रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये ती मुलांना आपलं पुस्तक वाचून दाखवायची. छावणीतल्या फौजींची मुलं, बँकेतल्यांची, विमा कंपनीतल्यांची. सगळी हिंदी-इंग्रजीत वाढलेली. मराठी वाचताना त्यांची गाडी खड्ड्यातून जावी तशी चालायची. पण जनावरांसाठी ती नेटानं वाचायची, आणि वाचून झालं की पुस्तक ज्याचं त्याला घरी न्यायला मिळायचं.

त्यांतच तनया होती. आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, पुढचा एक दात पडलेला. तिचा बाप राजन विमा कंपनीत. आई शर्वरी बँकेत. त्या वर्षी, म्हणजे २००४ साली, शर्वरीला बढती मिळाली आणि बदली झाली थेट आसामात. पोरीची शाळा इथं, म्हणून पोर बापाजवळ राहिली. एवढी साधी गोष्ट! पण मंडळातल्या बायकांना चैन पडेल तर शपथ. "पोरीला बाईमाणूस हवं हो घरात. पुरुषाच्यानं कुठं होतंय?" राजनच्या तोंडावर म्हणायच्या. तो हसून वेळ मारून न्यायचा. मला अशा वेळी त्या बायकांचे चहाचे कप उचलून बाहेर ठेवावेसे वाटायचे.

त्या रविवारी विभानं नवं पुस्तक आणलं होतं, पखुर्डीचं. पखुर्डी म्हणजे मातीच्या रंगाचं, कबुतराएवढं पाखरू. इथले लोक भटतीतर म्हणतात. पाण्यापासून लांब, उघड्या माळावर अंडी घालतं. विभा वाचत होती, "पिल्लांना तहान लागली की आई लांबच्या तळ्यावर जाते. पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं उडत परत येते. पिल्लं त्या पिसांतून पाणी पितात."

मुलं आ वासून ऐकत होती. मीही मागं बसून ऐकत होतो, खोटं कशाला बोलू.

तनयानं हात वर केला. "काकू, मतलब... आई खूप लांब असेल तर? दुसरं कोणी आणतं पाणी?"

विभा पुस्तकातलं पान उलटता उलटता म्हणाली, "नाही गं बाळा. दुसरं कोण आणणार? आई नसेल तर पिल्लू नाही जगत."

शिकवायच्या भरात गेलं बोलून. तनयानं पुस्तक मिटलं आणि मांडीखाली सरकवलं. घरी जाताना ते तिथंच राहिलं. विभानं ते उचलून पिशवीत टाकलं, तेव्हाही तिच्या लक्षात आलं नाही.

चार दिवसांनी संध्याकाळी राजन आमच्याकडे आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "काकू, परीक्षा झाली की तनयाला नाशिकला माझ्या आईकडे ठेवतोय. रविवारी येणार नाही ती आता. मन लागत नाही तिचं."

"अरे पण का?" विभानं विचारलं.

"तीच म्हणाली. जेवताना विचारलं मला, बाबा, आई जवळ नसली की पिल्लू मरतं ना? मी म्हटलं, असं कोण म्हणालं? तर म्हणाली, काकूंच्या पुस्तकात आहे, आणि काकू खोटं लिहीत नाहीत." राजन कपाकडे बघत राहिला. "वेण्या घालायला शिकलो होतो, काका. शेजारच्या भाभीजींकडे बसून शिकलो. मला वाटलं होतं, जमतंय. पण तिला माझ्याजवळ राहायची भीती वाटत असेल, तर कसं ठेवू?"

तो गेला. विभा कप तसाच हातात धरून बसली. मी दिवा लावला तर म्हणाली, "राहू दे." तिला रडताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. त्या दिवशी पाहिलं.

सकाळी उठलो तो पाण्याच्या गडबडीत. आमचं घर वरच्या मजल्यावर. नळाला जोर नाही, म्हणून खालच्या नळावरून पाणी भरायला लागतं. विभाचे गुडघे दुखतात, तेव्हा बादल्या मीच वर आणतो. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन जिना चढत होतो, तर ही वरच्या पायरीवर उभी. चेहरा सुजलेला.

"अहो, मी डोळ्यांनी पाहिलंय," ती म्हणाली. "पाहिल्याशिवाय मी लिहिते का कधी?"

"काय पाहिलंस?"

"पाखरू पाण्यात उतरलं. पोट भिजवलं. उडून गेलं."

"त्यानं सांगितलं का तुला, मी आई आहे म्हणून?"

"अहो, काहीतरीच काय बोलता! पिल्लांसाठी पाणी भरायला दुसरं कोण जाणार? आईच की!"

आणि मी तिच्यासमोर दोन बादल्या घेऊन धापा टाकतोय! लेंगा गुडघ्यापर्यंत भिजलेला. मी नुसता तिच्याकडे बघत उभा राहिलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बादल्यांकडे पाहिलं.

"अगं बाई!" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुपारी ती झालानाला वनखात्याच्या कचेरीत जाऊन बसली. तिथं जाडजूड पुस्तकांची दोन कपाटं आहेत. संध्याकाळी परतली ती चप्पल न काढताच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा आणतो," म्हणाली. "पाणी बाबा आणतो हो! पोटाची पिसं भिजतात ती नराची. मी पाहिला तो नरच होता. गळ्याखाली काळी रेघ होती, चित्रातसुद्धा काढलीय मी ती रेघ, आणि खाली लिहिलं काय, तर आई!"

"काखेत कळसा नि गावाला वळसा," मी म्हटलं. तिनं चप्पल काढून कोपऱ्यात भिरकावली.

"मग कर राजनला फोन," मी म्हटलं.

"नुसतं सांगून भागायचं नाही. सांगूनच तर मी घोळ घातलाय. तिला दाखवायला हवं."

रविवारी तिनं मंडळाला चक्क सुट्टी दिली. राजनला आणि तनयाला आमच्या जुन्या मारुतीत बसवलं आणि मला चौमूं गावाच्या रस्त्याला गाडी घ्यायला लावली. तनया खिडकीला डोकं टेकून बसली होती. चौमूंच्या अलीकडे आत वळलं की एक तळं आहे. उन्हानं आटून बरंच आत गेलेलं, काठाला तडे. बाभळीच्या आडोशाला आम्ही चौघं बसलो. उन्ह चढलं. राजननं दोनदा घड्याळ पाहिलं. माझ्याही मनात आलं, आज पाखरं नाही आली तर?

आली. आधी आवाज आला, मग थवाच्या थवा येऊन काठावर उतरला. भराभरा पाणी प्यायली आणि निघालीसुद्धा. एक मात्र मागं राहिलं. पाण्यात शिरलं, बसलं आणि अंग डोलवत पोट भिजवायला लागलं.

विभानं दुर्बीण तनयाच्या डोळ्यांना लावली. "गळ्याखाली बघ. काळी रेघ दिसते?"

"हो."

"तो बाबा आहे."

तनयानं दुर्बीण खाली घेतली. "पण पुस्तकात तर आई आहे."

"मी चुकीचं लिहिलं, तनया. मी बाबालाच पाहिलं होतं आणि आई समजले. तू विचारलंस तेव्हाही चुकीचं सांगितलं. पाणी बाबाच आणतो."

"मतलब, आई लांब असली तरी पिल्लू जगतं?"

"जगतं. चांगलं टुणटुणीत होतं."

पखुर्डी उडाली. पोट जड झालं असणार, पण सरळ रेषेत माळाकडे गेली. पाखरू दिसेनासं होईपर्यंत तनया बघत राहिली. मग तिला एकदम आठवलं असावं. "बाबा, मला पण तहान लागलीय."

राजननं घाईघाईनं पिशवीतली तिची बाटली काढली. झाकण निसटलं आणि निम्मं पाणी त्याच्याच शर्टावर सांडलं. पार पोटापर्यंत भिजला.

तनया बघतच राहिली. मग पडलेल्या दाताच्या फटीतून जी काही हसली! "काकू! बाबांचं पोट भिजलं!" आणि धावत जाऊन तिनं त्या ओल्या शर्टात तोंड खुपसलं. राजननं एक हात तिच्या वेण्यांवर ठेवला आणि दुसऱ्यानं स्वतःचे डोळे झाकले. मी बाभळीवर काही दिसतंय का ते बघायला लागलो. काय करणार?

परतीच्या वाटेवर तनयाच म्हणाली, "बाबा, नाशिकला सुट्टीत जाऊ. फिर वापस येऊ."

"येऊ," राजन म्हणाला.

त्यानंतर महिनाभर आमच्या घरात डिंकाचा वास होता. विभानं 'बाबा' छापलेल्या बारीक चिठ्ठ्या करून घेतल्या आणि घरोघर जाऊन प्रत्येक पुस्तकात 'आई'वर चिकटवल्या. बदली होऊन गेलेल्यांना पोस्टानं पाठवल्या. मंडळातल्या त्या बायकांच्या घरी जाऊन तर पान वाचून दाखवलं, दोनदा. चिकटवायचं काम अर्थातच माझ्याकडे.

फक्त एका पुस्तकाला चिठ्ठी लागली नाही. तनयाचं, हॉलमध्ये मांडीखाली राहिलेलं. ते तिनं मागून घेतलं, 'आई'वर पेन्सिलनं हलकीशी रेघ मारली आणि शेजारी वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'माझे बाबा'.