जावेची कैरी
कैरी चिरली की त्या वासानं मला माझी थोरली जाऊ आठवते. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मी साताऱ्याच्या दवाखान्यात नर्स होते. एचआयव्ही झालेल्या पेशंटची सुई माझ्या बोटात घुसली. लागण होऊ नये म्हणून डॉक्टरांनी लगेच गोळ्या सुरू केल्या, पण त्या गोळ्यांनी नुसती मळमळ व्हायची. घरात हे फक्त नवऱ्याला ठाऊक. मला सकाळी मोरीत ओकताना बघून सासूबाईंनी भलताच अर्थ काढला आणि माझ्या हातातली परात काढून घेतली. मूलबाळ नसलेली जाऊ भाकरी थापत म्हणाली, "लय नशीबवान हायस बाई! आमाला कवा मिळायचं असं बसून खायला?" तरी मीठ लावलेली कैरी तीच आणायची, ताटली आपटून ठेवायची. उलट मलाच तिचा हेवा वाटायचा. ती नवऱ्याशेजारी बिनघोर झोपायची, अन् माझं अंथरूण भीतीनं वेगळं. पुढं पोट काही दिसेना, शेवटची तपासणीही चांगली आली, तेव्हा तिला खरं सांगितलं. "म्हंजे माझ्या एवढ्या कैऱ्या फुकटच खाल्ल्यास व्हय गं?" म्हणाली, आणि मला घट्ट धरून रडली. आता ती नाही. कैरी मीच चिरते, पण तिच्यासारख्या पातळ फोडी मला अजून येत नाहीत. तेवढा हेवा राहिलाच.