कोपी पाजलेली भिंत

इथल्या तोआ पायोह वस्तीतल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मंडपात, कोपीचा, म्हणजे इथल्या काळ्याकुट्ट कॉफीचा, जळकट वास आला की मला आमचे पुण्याचे साहेब आठवतात आणि तोंड कडू होतं. डाउनटाउनमधल्या, पन्नासच्या दशकात बांधलेल्या एका सरकारी कचेरीचं हॉटेल करायचं काम तेव्हा आमच्याकडे होतं. जिन्यापाशी दगडी चुरीच्या गिलाव्याची मूळ भिंत होती, उन्हात बारीक चमकणारी, कुठे साधा तडा नाही. वायरिंगच्या आड येते म्हणून साहेबांनी ती फोडायला काढली. मी म्हटलं, "सर, वाचवता येईल." तर म्हणाले, "भावुक होऊ नका, शेड्यूल बघा." भिंत पडली, आणि पुढच्याच आठवड्यात मालक पाहणीला आले आणि त्यांनी नेमकी तीच भिंत दाखवा म्हटलं. उद्घाटनालाच दाखवतो, सध्या झाकलीय, असं साहेबांनी खुशाल ठोकून दिलं. मग घाईघाईने नवी भिंत उभी राहिली, आणि ती फारच कोरी दिसते म्हणून त्यांनी कोपीच्या बादल्या मागवून तिला जुनं केलं. शेवटचा हात तर उद्घाटनाच्या सकाळी मारला. त्या समारंभाला त्याच कचेरीत उमेदीची वर्षं काढलेले एक म्हातारे चिनी गृहस्थ आले होते. त्यांनी भिंतीवर तळवा टेकवून डोळे मिटले. साहेबांनी लगेच फोटोंचा सपाटा लावला. दर गणपतीत मंडळापुढे ते ‘वारसा जपताना’ या विषयावर बोलतात आणि त्यातलाच एक फोटो पडद्यावर आला की टाळ्या पडतात. त्यात म्हातारे आपल्या तपकिरी झालेल्या तळव्याकडे बघतायत. साहेबांना ते अजून दिसलेलं नाही.