कापसाच्या खोलीतलं कॅल्क्युलस

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. कोरोनाच्या त्या वर्षी कापसाची खरेदी बंद पडली आणि आमच्या भागात घराघरात कापूस पडून राहिला. उचलायला कुणी येईना आणि फेकवत तर मुळीच नाही. हे किस्से माझ्याकडे तसेच पडून आहेत. कुणी गणिताचं नाव काढलं की एखादा आपसूक बाहेर येतो. आज बसलाच आहात, तर ऐका.

आधी माझं सांगते. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं. पुढे लेकाच्या पुस्तकांवरून बीजगणित शिकले आणि बाहेरून परीक्षा देत देत गणितात एम.ए. झाले. मला कुणी शिकवलं नाही, म्हणून मी कुणाचं ऐकतही नाही! यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात राहते. कॉलेजची पोरं अडली की येतात, आजी म्हणतात, बोलणी खातात आणि गणित घेऊन जातात.

लॉकडाऊन लागला आणि इथल्या कॉलेजचे गणिताचे सर आपल्या गावी अडकले. तिथे रेंज नाही. प्राचार्यांचा फोन आला.

"काकू, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गणिताची मोजकीच पोरं आहेत. तुम्ही ऑनलाइन घ्याल का?"

"घेईन. पण मराठीतून शिकवीन. लिमिटला सीमा म्हणीन आणि पोरांनाही म्हणायला लावीन."

"म्हणा हो काकू, काहीही म्हणा!"

हे वाक्य त्यांना पुढे महागात पडलं. मलाही.

* * *

पहिल्या दिवशी भिंतीवर फळा टांगला, स्टुलावर डबा, डब्याला टेकवून मोबाइल. लिहायला लागले, तर पडद्यावर माझं अक्षर उलटं! उलटं फक्त माझ्याच पडद्यावर होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक; पोरांनाही उलटंच दिसत असणार, असं मी धरून चालले. हार मानणारी बाई नाही मी. सगळं पुसलं आणि उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखं लिहायला सुरुवात केली. माझ्या पडद्यावर आता छान सुलटं दिसत होतं. तासभर लिहिलं. हात भरून आला, पण छाती फुगली.

पोरं चिडीचूप. मला भितात ना!

शेवटी सीमा बोलली. जवळच्या खेड्यातली पोट्टी, माझ्यासारखीच तोंडाळ. "आजी, हे तुम्ही उर्दूत लिहून राह्यल्या काय?"

लगेच शबाना म्हणाली, "उर्दू मले येते वं. हे उर्दू नाही!"

त्यावर आमचा गजानन, गरीब गाय. "मले वाटलं कॉलेजचं गणित असंच राह्यते. मी तर सारं उतरवून घेतलं, आजी!"

* * *

त्यानंतर आठवडाभरात सीमा खोकताना दिसली. "तोंड धुऊन गरम पाणी पी," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. फोन केला तर तिच्या आईनं उचलला.

"बाई, तिले यवतमाळले नेलं. दम लागून राह्यला होता. वार्डात कोणालेच जाऊ देत नाही."

"मग फोन तुमच्याकडे कसा?"

"घरात एकच तर फोन हाये. दवाखान्यातून याच नंबरवर कळवतो म्हणे. मी हातातून ठेवतच नाही."

मी म्हटलं, वर्गाच्या ग्रुपवर दिवसभर काहीबाही येतं, उगाच तुम्ही दचकाल, नंबर काढून टाकते. तर ती म्हणाली, "काढू नका, बाई. टिंग वाजलं की फोन चालू हाये, एवढं तरी समजते."

मी नंबर तसाच राहू दिला.

* * *

वर्ग चालूच ठेवला. बंद करून काय करणार होते, पापड? पण त्या दिवसांत आम्ही हसलो तरी अर्धा कान फोनकडे असायचा.

गजाननचा आवाज सगळ्यांत स्वच्छ यायचा. बाकीच्यांच्या मागे कुत्री, कुकर, भांडणं. ह्याच्या मागे काहीच नाही. मी विचारलं, "गजा, एवढी शांतता कुठून आणलीस रे?"

त्यानं मोबाइल फिरवून दाखवला. खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत कापूस, आणि त्याच्या पोटात खळगा करून हा बसलेला! आवाज सगळा कापूस गिळायचा. पण मधेमधे हा असा खाजवायचा की पडदा हलायचा.

"काय होते रे?"

"कापूस चावून राह्यला, आजी. जुना झाला, किडे पडले त्यात." आणि कराकरा खाजवलं. ते पाहून शबाना खाजवायला लागली. मग बाकीचे. शेवटी मीही! माझ्या घरात कापसाचं बोंड नव्हतं.

वर्ग हातात ठेवायचा म्हणून मी विचारलं, "जे वाढतच जाते, कुठंच थांबत नाही, असं एखादं उदाहरण सांगा."

गजा म्हणाला, "पेशंट."

मग त्यानंच घाईघाईनं दुरुस्त केलं, "नाही नाही आजी... खाज!"

* * *

प्राचार्यांना हजेरी रोज पाठवायची असायची. सीमाचं नाव आलं की मी थांबायचे. एक दिवस थांबले, तर बारीक किनऱ्या आवाजात उत्तर आलं, "हजर, आजी!"

गजा होता.

मी कडाडले, "दवाखान्यातल्या पोरीची प्रॉक्सी लावतोस? लाज नाही वाटत?"

"आजी, तिचं नाव कटून गेलं तर? ती वापस येईन आन् मलेच मारीन ना!"

प्राचार्यांना मी सीमा हजर असंच कळवलं. त्यांचा फोन आला, "काकू, ती मुलगी ॲडमिट आहे ना?"

"आहे ना. यवतमाळला हजर आहे. कुठे हजर, ते लिहायला तुम्ही सांगितलं नव्हतं!"

पुढे सीमाची प्रॉक्सी लावायला पोरांत भांडणं व्हायला लागली. "काल तू लावली, आज माही पाळी!"

* * *

शबानाचे वडील मेकॅनिक. घरात माणसं दाटीवाटीनं आणि रेंज फक्त रस्त्याच्या कडेला, जिथे तिच्या चाचांची सवारी जीप उभी असायची. सवाऱ्या बंद, म्हणून जीप रिकामी. ही रोज जीपमध्ये बसून गणित शिकायची.

एक दिवस हवालदार आला. फोन चालूच होता, आम्ही सगळं ऐकत होतो.

"काय वं, कुठं निघाली?"

"कुठंच नाही, साहेब. कॅल्क्युलस चालू हाये."

"कोणत्या तालुक्यात येते ते?"

"गाव नाही, साहेब. अभ्यास हाये."

"ते मले नको सांगू. पास हाये का?"

"पास आहो ना साहेब! फर्स्ट क्लासमधी!"

मला राहवलं नाही. फोनमधूनच ओरडले, "अहो हवालदार, पोरगी शिकून राह्यली. जाऊ द्या!"

त्यानं जीपमध्ये डोकं घातलं, फोनकडे बघितलं आणि माझ्यावरच वसकला, "आजीबाई, मास्क कुठं हाये तुमचा?"

आणि मी, जिनं जन्मात कुणाचं ऐकलं नाही, ती माझ्याच घरात एकटी बसून तास संपेपर्यंत मास्क लावून शिकवत होते!

* * *

आता जे सांगते, त्यात चूक माझीच होती.

सीमा आजारी पडायच्या आदल्या दिवशी मी प्रत्येकाला एकेक गणित वाटून दिलं होतं. प्रकार सगळ्यांचा एकच. एका जागेकडे डावीकडून सरकत जा, मग उजवीकडून सरकत जा. दोन्हीकडून एकाच ठिकाणी पोचलात तर सीमा आहे. वेगवेगळ्या ठिकाणी पोचलात तर सीमा नाही.

गजाचं उत्तर आलं पार उशिरा. ग्रुपवर, एकच ओळ. कसं सोडवलं ते नाही, कोणता प्रश्न ते नाही. माझ्या धाकानं शुद्ध मराठीत लिहिलेली:

"सीमा अस्तित्वात नाही."

उत्तर बरोबर होतं. मी खाली लिहिलं, "शाब्बास, गजा!"

थोड्या वेळानं फोन आला. बोलणं ऐकू येईना, मागे नुसता रडण्याचा गलका. अख्खी गल्ली जमली होती. मग सीमाच्या आईचा आवाज आला, एकदम कोरडा.

"बाई, माही लेक केव्हा गेली? आन् तुम्ही शाब्बास कोणाले म्हणून राह्यल्या?"

मला कळायलाच वेळ लागला. कळलं तशी ओरडले, "अहो माय, ते गणित हाये! सीमा म्हणजे लिमिट! तुमची सीमा नाही ते!"

"म्हणजे माही सीमा हाये?"

"हो ना!"

"तुम्हाले दवाखान्यातून फोन आलता का?"

"नाही."

"मग तुम्हाले काय मालूम?"

खरंच, मला काय माहीत होतं? दवाखान्याचा नंबर लावून लावून माझं बोट दुखलं. कुणी उचलेना. तिकडे सीमाच्या घरून माणसं परत गेली नाहीत. रडणं थांबलं होतं, पण उठायला कुणी तयार नव्हतं. गजा कापसाच्या खोलीत शिरला तो जेवायलाही बाहेर येईना, असं त्याच्या वडिलांनी कळवलं. प्राचार्य म्हणाले, "काकू, लिमिटच म्हणायचं होतं हो!" मी फोन आपटला.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून मेसेज आला. वाचला आणि तशीच सीमाच्या आईला फोन लावला.

"माय, ऐका. वार्डातल्या सिस्टरच्या फोनवरून आलाय. वाचते. 'आजी, माझं गणित राहिलं होतं. डावीकडून करून पाहिलं, उजवीकडून करून पाहिलं. दोन्हीकडून एकच येते. सीमा अस्तित्वात आहे.'"

"ऐकलं ना, माय?" मी विचारलं.

मग ती म्हणाली, "बाई, डावीकडून कोण आलं, उजवीकडून कोण आलं, मले काही समजलं नाही. तुम्ही शेवटची ओळ तेवढी पुन्हा वाचा. थांबा, स्पीकर लावते. सारे बसून हायेत अजून. जरा मोठ्यानं वाचा."