ड्रोनला लावलेलं कुंकू

काल दुपारी आमच्या गावावर रेंज तरंगत होती... खरंच तरंगत होती. लिहून घेतेय माझी सून सुनंदा. अक्षरं तिची, डोकं माझं.

टेंभुर्णीहून आत, टेकड्यांच्या ओंजळीत आमचं गाव. फोन लावायचा तर टेकडी चढायची, आणि माझे गुडघे उंबरा ओलांडतानाच कुरकुरतात.

पण काल बोलणं भाग होतं. बंगलोरला पणतीचं बारसं. नातवाला बहीण न्हाई, म्हणजे बाळाला आत्या न्हाई... तेव्हा कानात नाव सांगायचा मान पणजीला. नाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हातारी गंगूबाई ठेवते की काय, म्हणून नातसूनबाई धास्तावलेल्या.

शाळेच्या मैदानात कॉलेजची माणसं ड्रोन घेऊन आली होती. त्यांच्यातल्या इंजिनिअर मॅडमनी मला समजावलं. तो वर थांबून गावाला रेंज देतो. खालचं मशीन डोळ्याला न दिसणारा उजेड वर सोडतं, ड्रोनच्या पोटावरची काळी काच तो झेलते, त्याचीच वीज होते. तार न्हाई, खांब न्हाई... उजेड पिऊन जगणारं पाखरू. मला फार आवडलं ते.

आता नवी वस्तू आली की आपण काय करतो? मॅडम चहाला गेल्या, ड्रोन टेबलावर उताणा पडलेला. मी हळद-कुंकू लावलं. काळ्या काचेवर, बराबर मधोमध, सढळ हातानं.

ड्रोन वर गेला, भुंग्यासारखा गुणगुणत थांबला. फोन लागला आणि पाळण्यातलं तोंड दिसलं... जांभई देत होतं. मी नाव घ्यायला गेले, तर चित्रच थिजलं. वर बघते तर पाखरू हळूहळू खाली येतंय.

तिकडे पाळण्याभोवती सगळे खोळंबलेले. मॅडमनी ड्रोन उलटा केला, काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आजी, तुम्ही त्याचं तोंडच लिंपलंत. उजेड पिणार कुठून तो?"

"मंग पुसा जल्दी," मी म्हटलं. "पण कडेला बोटभर राहू द्या."

मॅडम हसल्या. काच पुसली, आणि कडेला खरंच एक टिकली राहू दिली.

ड्रोन परत वर गेला. नातवानं फोन बाळाच्या कानाशी नेला. मी सुनंदालाही लांब पिटाळलं, तोंडापुढे पदर धरला आणि हळूच म्हटलं, "मुक्ता."

मला दिसत होता फक्त एक कान... शिंपल्याएवढा. माझ्या ओठांतून निघालेलं नाव वर पाखरापाशी गेलं, कुठं कुठं फिरलं आणि त्या शिंपल्यात उतरलं. आधी आभाळानं ऐकलं असणार. ऐकू दे, ते कुणाला सांगत न्हाई.

संध्याकाळी ड्रोन गाडीत बसून गेला. त्या मॅडमचं भलं होवो.

मुक्ता, चालायला लागलीस की गावाला ये. तेच नाव एकदा जवळून सांगायचंय... तोवर मी कुठंही जात न्हाई.