आईचं पुढचं वाक्य

खुर्ची धुवायला लावली त्यांनी. माझ्या आईला. त्या खुर्चीवर मी बसले होते म्हणून.

मी आठ वर्षांची होते. आई सोलापुरात नवी पेठेमागच्या एका टॉकीजमध्ये झाडायला होती. दोन खेळांच्या मधे अर्धा तास मिळायचा. तेवढ्यात खालचा क्लास, वरची बाल्कनी, शेंगांची टरफलं, पानाच्या पिचकाऱ्या, सगळं साफ. शाळा सुटली की मी तिथं जायची आणि दप्तर घेऊन बाल्कनीच्या जिन्यात बसायची. खेळ संपायला आला की डोअरकीपर दारं उघडून ठेवायचा. त्या दारातून मला सिनेमाची शेवटची दहा मिनिटं दिसायची. एकच शेवट आठ-आठ दिवस. व्हिलन मेला, मायलेकरांची भेट झाली, पोलीस आले. सुरुवात कधी दिसली नाही. सुरुवातीला मोठमोठ्या अक्षरांत नावं येतात, असं वर्गातली पोरं सांगायची. मला ती नावं वाचायची होती. बास, एवढंच.

एका शुक्रवारी नवा सिनेमा लागला आणि मी हळूच वर गेले. बाल्कनीत सगळ्यात मागं मालकांचा कोपरा होता. चार खुर्च्या, पांढरी कव्हरं घातलेल्या. मालकांच्या घरचे आले तर तिथं बसायचे. अंधार झाला, पडदा उजळला, आणि जी खुर्ची हाताला लागली तिच्यावर मी बसले. पहिलं नाव आलं. वाचलं. दुसरं अर्धं वाचून झालं असेल, तेवढ्यात तोंडावर बॅटरीचा उजेड पडला.

मालक होते. मागं त्यांची बायको आणि सून. मालक ओरडले नाहीत. मला मारलं नाही. मारायचं तर हात लावावा लागला असता. त्यांनी आईला वर बोलावून घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ही खुर्ची धू. नुसतं कव्हर काढून चालणार नाही. पाण्यानं धू."

बाल्कनीतली माणसं पडदा सोडून आमच्याकडं बघायला लागली. आई बादली आणायला गेली. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. मला तिथंच चड्डीत झालं. ते पायावरून ओघळत होतं आणि पडद्यावर गाणं चालू होतं.

पुढं आईनं काय केलं ते नंतर सांगते. सगळं भांडण त्याच्यावरूनच आहे.

आता मी अडतीस वर्षांची आहे. सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. गेली कितीतरी वर्षं दर रविवारी सकाळी मी रेल्वे लाइन्समधल्या एका बंगल्याच्या गच्चीवर सिनेमावर गप्पा मारायला जात होते. बंगला निखिलचा. निखिल त्याच मालकांचा नातू. कॉलेजच्या एकांकिकेत आमची ओळख झाली, तेव्हाच तो कोण ते मला कळलं होतं. मी गप्प बसले. नाटक मिळत होतं, मैत्री मिळत होती, त्याच्या घरात मी सोफ्यावर बसले तर कुणी सोफा धूत नव्हतं. मला वाटलं, झालं, संपलं ते. मूर्ख होते मी.

गच्चीवर आम्ही चौघं. निखिल, त्याला सिनेमा करायचा होता. प्रसाद, कॉलेजात शिकवतो, त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. राजेश्वरी, पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरची. आणि मी. चहा व्हायचा, पोहे व्हायचे, आणि मराठी सिनेमाचं सुतक सुरू व्हायचं.

"मराठी सिनेमाला शो कुठले मिळतात? सकाळी साडेनऊचे," प्रसाद म्हणायचा. "साडेनऊला सिनेमाला कोण जातंय? दूधवाला?"

राजेश्वरी म्हणायची, "आमच्याकडं तेलुगू सिनेमा लागला की बाया लूम बंद ठेवून जातात की. तुमच्या सिनेमात त्यांच्यासाठी हाय काय?"

"सिंगल स्क्रीन मेल्या, तिथंच सगळं मेलं," निखिल म्हणायचा. "आमच्या टॉकीजमध्ये आता साड्यांचा सेल लागतो. आजोबा असते तर रडले असते."

एकदा प्रसाद म्हणाला, "टॉकीज बुडवली पिटातल्या, खालच्या क्लासातल्या पब्लिकनं. शिट्ट्या, पिचकाऱ्या, राडा. घरंदाज माणसं यायची बंद झाली." मग माझ्याकडं बघून हसला. "तुला राग नाही ना आला? तू तशी नाहीस."

मीही हसले. तू तशी नाहीस. हे मी वीस वर्षं कौतुक म्हणून गिळलं. त्या पिचकाऱ्या खरवडायला माझी आई होती, हे तेव्हा तोंडातून निघालं नाही. त्याची मला आजही चीड येते. प्रसादपेक्षा माझी जास्त.

आमच्या गच्चीचा एक नियम होता. शिव्या घालून झाल्या की प्रत्येकानं एक सीन सांगायचा, आपल्याला करायला मिळाला तर कुठला करू तो. मी कायम शेवट सांगायची. मला शेवटच येतात. सुरुवात काय असेल ती तुम्ही ठरवा, म्हणायची. सगळे हसायचे. एका रविवारी निखिल म्हणाला, "आज सुरुवात सांग." कसं काय कोण जाणे, माझ्या तोंडून खुर्ची बाहेर आली. बादली आली. चड्डीतलं सुद्धा आलं.

"कुठल्या टॉकीजमध्ये?" राजेश्वरीनं विचारलं.

"ह्यांच्या," मी निखिलकडं बघून म्हणाले.

निखिलच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात धरून म्हणाला, "मला हाच सिनेमा करायचाय. आजोबांचं पाप मला फेडू दे."

मी विश्वास ठेवला. मीच त्याला बुधवार पेठेत आमच्या घरी नेलं. आईसमोर त्यानं माइक ठेवला. आई सत्तरीची, पण आवाज खणखणीत. तिचा आवाज आपल्याकडंही राहावा म्हणून मी माझा फोनसुद्धा चालू ठेवला. आई बोलली ते असं:

"पोरगी खुर्चीवर बसली. मालक आले. लई शांत बोलले मालक. एक शबुद वर न्हाय. शांतच म्हनले, धू ती खुर्ची. मी बादली आनली. खुर्ची धुतली. आन् ऱ्हायल्यालं समदं पानी त्या चारी खुर्च्यांवर वतलं. म्हनलं, घ्या, धुतल्या. बसा आता. झाडू तितंच टाकला आन् पोरीला घिऊन जिना उतरले. परत त्या दारात पाय ठिवला न्हाय."

"मावशी, जबरदस्त!" निखिल म्हणाला.

"समदं घेतलं न्हवं?" आईनं विचारलं.

"सगळं घेतलं, मावशी."

पुढं वर्षभर मी त्याच्यासाठी राबले. आईच्या तोंडची बोली लिहून दिली. सिनेमातल्या मुलीला जिन्यात कसं बसायचं ते बसून दाखवलं. झाडू कसा धरतात, टरफलं खुर्चीखालून कशी ओढतात, ते नटीला शिकवायला आई स्वतः गेली. ऑफिसातली रजा संपली, बिनपगारी घेतली. निखिल म्हणायचा, "हा सिनेमा तुझाच आहे." मला ते खरं वाटायचं.

गेल्या महिन्यात सिनेमा तयार झाला. एका रविवारी सकाळी त्यानं मल्टिप्लेक्सचा एक पडदा घेऊन ओळखीच्यांना दाखवला. चाळीसेक माणसं होती. आई इरकल नेसून आली. आम्हाला मधल्या रांगेत बसवलं. अंधार झाला आणि नावं आली. मी एकेक नाव वाचत गेले. चहावाल्याचं होतं. गाडीवाल्याचं होतं. माझं नव्हतं. आईचं नव्हतं. सगळ्यात आधी हार घातलेला मालकांचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, आजोबांना अर्पण.

मी म्हटलं, थांब, शेवट बघू.

शेवट आला. बाल्कनीत मुलगी खुर्चीवर बसलेली. मालक येतात. ती घाबरून उठते. मालक तिच्या खांद्यावर हात ठेवतात आणि तिला परत खुर्चीवर बसवतात. दारात उभी असलेली झाडूवाली पदर डोळ्याला लावते आणि हात जोडते. आणि वरून माझ्या आईचा आवाज, खराखुरा, आमच्या घरातला:

"पोरगी खुर्चीवर बसली. मालक आले. लई शांत बोलले मालक. एक शबुद वर न्हाय."

इथं कापलं. पडदा काळा. बासरी.

दिवे लागले तेव्हा लोक रडत होते. टाळ्या थांबेनात. प्रसाद आमच्याकडं आला आणि आईच्या पायाला हात लावायला वाकला. आई पडद्याकडंच बघत होती. तिनं विचारलं, "माझं फुडचं कुटं गेलं?"

"मावशी, सिनेमा संपला," प्रसाद म्हणाला.

"सिनेमा न्हाय. माझं बोलनं. शांतच म्हनले, त्याच्या फुडचं."

निखिल घाईघाईनं आला. "मावशी, लांबी वाढत होती. एडिटिंगमध्ये थोडं इकडंतिकडं होतंच." आईच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. अगदी सिनेमातल्यासारखा. आईनं तो बाजूला केला आणि मला म्हणाली, "चल."

घरी आल्यावर तिनं इरकल घडी करून ठेवलं आणि भाकरी थापायला बसली. मी तिच्यापुढं बसून रडले. माझ्या आईनं तीस वर्षांत कुणापुढं हात जोडले नव्हते. मी त्या माणसाला घरी नेलं आणि त्यानं तिचे हात पडद्यावर जोडून घेतले. तेही तिच्याच आवाजात.

पुढच्या रविवारी निखिल आणि प्रसाद घरी आले. हातात पेढ्यांचा बॉक्स आणि एक कागद. महोत्सवाला सिनेमा पाठवायचा होता. ज्यांचा आवाज वापरला त्यांची लेखी परवानगी लागते म्हणे. निखिलनं कागद आईपुढं ठेवला, पेन उघडून दिलं.

आई विहारातल्या वर्गात सही शिकली. कुठंही सही करायची तर ती आधी चष्मा लावते. तिनं चष्मा लावला. पेन घेतलं. मग माझ्याकडं बघितलं.

"करू का?"

तीस वर्षांपूर्वी मी भिंतीला चिकटून उभी होते आणि ती बादली घेऊन आली होती. या वेळी ती माझ्याकडं बघत होती. मी उठले आणि तिच्या पुढ्यातला कागद उचलला.

"आईचं बोलणं अख्खं घाल," मी म्हणाले. "शेवट खरा कर. आजोबांचा फोटो काढ. मग सही."

"अगं, आजोबा तसे नव्हते," निखिल म्हणाला. "मी त्यांच्या मांडीवर वाढलोय."

"माझी आई त्यांच्या जिन्यावर झिजलीय."

"गावात नाव आहे त्यांचं. बाबांना कळलं तर पैसाच काढून घेतील. आणि लोकांना रडायला आवडतं, चिडायला नाही. कळतंय का तुला? असा शेवट कोण बघेल?"

मग प्रसाद बोलला. एकदम मास्तरी आवाजात. "आधीच मराठी सिनेमा मरायला टेकलाय. एक चांगला सिनेमा होतोय आणि तू एका वाक्यासाठी तो मारणार?"

"मरू दे," मी म्हणाले.

वीस वर्षांत प्रसादनं माझ्या तोंडून 'नाही' ऐकलं नव्हतं. मी कागदाचे दोन तुकडे केले, परत चार केले, आणि निखिलच्याच पेढ्यांच्या बॉक्सवर ठेवले. मला निखिलचं तोंड फोडावंसं वाटत होतं, हे मी लपवत नाही.

निखिल उठला. दारात चपला घालता घालता म्हणाला, "ठीक आहे. नटीकडून आवाज करून घेतो. तुझ्यावाचून अडत नाही काही."

हेही त्यानं शांतच सांगितलं. एक शब्द वर नाही. रक्तातच आहे.

आईनं पेढ्यांचा बॉक्स उचलला आणि त्याच्या हातात दिला. "घिऊन जा. आमच्यात गोड लागत न्हाय हे."

संध्याकाळी राजेश्वरीचा फोन आला. "माझं चुकलं," ती म्हणाली. "मी पण टाळ्या वाजवल्या." मी म्हटलं, रडू नकोस. तुझ्या भावाचा मोठा स्पीकर आहे ना मिरवणुकीतला, तो लागणार आहे मला. ती म्हणाली, "कधी पाहिजे सांग."

मला माहीत आहे, तो नटीकडून आवाज करून घेईल. सिनेमा लागेल. साडेनऊचा शो मिळो नाहीतर रात्रीचा, मला फरक पडत नाही. मी रीतसर तिकीट काढून जाईन. सुरुवातीची नावं नीट वाचीन, एक सोडणार नाही. आणि शेवटची दहा मिनिटं उरली की बाहेर येऊन दाराशी उभी राहीन. ती जागा मला पाठ आहे. लोक डोळे पुसत बाहेर पडतील तेव्हा माझ्या फोनमधला आईचा आवाज स्पीकरवर असेल, पहिल्या शब्दापासून झाडू टाकेपर्यंत, मधे कुठंही न कापता. टॉकीज कुणाची होती तेही सांगीन. मालकाचं नाव, नातवाचं नाव. सोलापुरात लागला तर सोलापुरात, पुण्यात लागला तर पुण्यात. हाकलून दिलं तर रस्त्यावर. पोलीस बोलावले तर चौकीत लावीन, त्यांनाही ऐकू दे.

तो माफी मागायला येईल. मला ती नको. त्याचा सिनेमा पडलेला मला बघायचाय, शेवटच्या रांगेत बसून.

आईनं चार खुर्च्या भिजवल्या होत्या. मी एकही कोरडी ठेवणार नाही.