तळ्याकडं तोंड करून बसलेलं माणूस

गिताबाई रखमाजी कोळपे हिचा पासपोर्ट निघाला तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती, आणि तोवर तिचा सगळ्यात लांबचा प्रवास झाला होता तो जेजुरीचा. चौकशीला शिरूरहून हवालदार आला. त्यानं कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, "मावशी, आफ्रिकेला कशापायी? लेक हाय का तिकडं?"

"न्हाई बा. दगडं बघाया बोलिवलंय," गिताबाई म्हणाली.

हवालदार हसला. त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करतीय.

पण खरंच तसं होतं. गिताबाईचं माहेर निमोण्याचं, सासर इनामगावचं. घरचा मूळ धंदा मेंढरांचा. सासरा दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचा. पुढं रखमाजीनं मेंढरं विकली, घोड नदीच्या काठाला पाणी धरलं आणि शेवंती लावली. पण गिताबाई लग्न होऊन आली त्या वर्षी गावात वेगळीच गडबड होती. नदीकाठच्या पांढरीवर, जुन्या वस्तीच्या टेकाडावर, पुण्याची शिकलेली माणसं खोदत होती. तीन-साडेतीन हजार वर्षांमागचं गाव मातीखाली आहे म्हणायची. आसपासच्या बायका हजेरीवर जायच्या, अठरा वर्षांची गिताही जाऊ लागली.

आठ दिवस तिनं मातीच्या पाट्या वाहिल्या. नवव्या दिवशी एका पोरीला ऊन लागलं, म्हणून तिचा चाकू गिताच्या हातात आला. माती खरवडता खरवडता ती थांबली.

"ताई, हितं सारवलेलं हाय."

शेजारी वही घेऊन बसलेली विद्यार्थिनी सुषमा म्हणाली, "कशावरून? मला तर सगळी माती एकच दिसतेय."

"दिसत न्हाई, पर ऐका की. वरल्या मातीचा आवाज भुसभुशीत हाय. हितं चाकू गुळगुळीत सरकतो. आमच्या घरात सारवान उकारलं की असाच सरकतो."

दुपारपर्यंत तिथं पोपडा पोपडा उतरवत एका घराची सारवलेली जमीन उघडी पडली. कोपऱ्यात चूल होती. त्या दिवसापासून गिताला पाटी कुणी उचलू दिली नाही. चाकू आणि ब्रश तिच्याकडेच राहिले. सुषमानं शहाणी माणसं करतात ते केलं. रोज संध्याकाळी ती गिताजवळ बसून विचारायची, तुला हे कसं कळलं, ते कसं कळलं.

खोदकाम संपलं, माणसं गेली. सुषमाताई शिकून मोठ्या झाल्या, दगडी हत्यारांच्या जाणकार म्हणून परदेशात त्यांना बोलावणी येऊ लागली. नोकरी सुटल्यावर एका सहल कंपनीनं त्यांना गाठलं. ही कंपनी आफ्रिकेत लोकांना नुसते सिंह दाखवून परत आणणारी नव्हती. कुणाला पाखरांचा नाद असतो, कुणाला आभाळातल्या ताऱ्यांचा. ज्याला जो नाद, त्याच विषयाचा जाणकार सोबत देऊन आठ-दहा माणसांची राजेशाही सहल ती न्यायची. सुषमाताईंचा विषय होता, माणूस माणूस कसा झाला.

दोन वर्षांमागं त्या सहज इनामगावला आल्या. गिताबाई शेवंतीच्या सरीत उभी होती. बोलता बोलता तिनं ढेकळातून बोटभर खापर उचललं, काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ह्ये पसरट भांड्याचं न्हवं, गळा हाय ह्याला. मडक्याचं हाय." मग खापर होतं तिथंच परत ठेवलं. सुषमाताई बघत राहिल्या. "गिता," त्या म्हणाल्या, "माझ्याबरोबर केनियाला चल. पाहुणी म्हणून नाही. माझ्याबरोबरची जाणकार म्हणून."

"मी? मला काय येतंय ताई?"

"जमीन वाचता येते. मला पुस्तकं वाचता येतात."

रखमाजी बांधावर बसून ऐकत होता. तो एवढंच म्हणाला, "जा. माझा बाप मेंढरांमागं जाताना कुणाला इचारून गेला न्हाई."

धाकटा मुलगा मल्हार रांजणगावच्या कारखान्यात होता. त्यानं फॉर्म भरले. पुण्याला जाऊन पिवळ्या तापाची लस टोचून झाली. फेब्रुवारीत, फुलांचा मोठा तोडा आटपल्यावर, गिताबाई नऊवारीवर स्वेटर घालून विमानात बसली.

पहिला मुक्काम एका मोठ्या पाणथळीच्या काठी होता. नावाला तंबू, पण आत सागवानी पलंग, पितळी नळ आणि माणूस निजेल एवढा न्हाणीचा टब. दारातल्या उंच, काळ्यासावळ्या पोरीनं झुकून हात जोडले, "करिबू, मामा."

गिताबाई सुषमाताईंच्या कानाशी लागली. "ताई, ही मला मामा का म्हनती? डोक्यावर पदर हाय की माझ्या."

"अगं, करिबू म्हणजे या, आणि इकडं मामा म्हणजे आई. मोठ्या बाईला मानानं म्हणतात."

गिताबाई इतकी हसली की ती पोरगीही हसू लागली. मग सगळी सहलच तिला मामा म्हणू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पाणथळीशी थांबली. समोर बर्फाचा डोंगर आभाळात तरंगत होता, खालचा अर्धा धुक्यानं खाल्लेला. त्याच्या पायथ्याकडून हत्ती आले. एक, पाच, वीस. गिताबाई मोजत होती, धनगराघरची सवय. साठाच्या पुढं मोजणं सुटलं. एवढी ढिगाएवढी जनावरं, पण पावलांचा आवाज नाही. पिल्लू मागं राहिलं की पुढची सगळी रांग थांबायची.

"ह्यास्नी राखतं कोण?" तिनं हळूच विचारलं.

"सगळ्यांत म्हातारी हत्तीण," सुषमाताई म्हणाल्या. "पाणी कुठं आहे ते तिच्या ध्यानात असतं."

हत्तीण गाडीपासून पंधरा हातांवरून गेली. तिची पापणी, पापणीचे लांब केस, कातडीतली वाळलेली माती, सगळं दिसलं. गिताबाईच्या डोळ्यांतून आपोआप पाणी यायला लागलं. पुसायचंही तिला सुचलं नाही.

पण ज्यासाठी ती आली होती ती जागा चौथ्या दिवशी आली. कोरडं, रखरखीत खोरं, बाभळीसारखी काटेरी झाडं, पांढरट माती. निमोण्याच्या माळासारखंच की, असं तिला वाटलं. लाखो वर्षांमागं इथं तळं होतं. काठाला त्या वेळच्या माणसांनी केलेली दगडी हत्यारं पडली होती. इथं काम करणारे संशोधक डॉ. मुटुआ पाहुण्यांना घेऊन हिंडले. हत्यारं पेरूच्या पानाच्या आकाराची, पण तळव्याहून मोठी, दोन्ही अंगांनी घडवलेली. एक नाही, दोन नाही, जमिनीवर शेकड्यांनी.

"किती वर्षांची?" मुंबईच्या एका वयस्कर पाहुण्यांनी विचारलं. देसाई त्यांचं नाव.

"सात-आठ लाख," मुटुआ म्हणाले.

सुषमाताईंनी मराठीत सांगितलं. गिताबाईनं इनामगावचे साडेतीन हजार मनात धरले आणि त्याच्या पुढं जाऊन बघितलं. मन जाईना.

पुढं एक नवा चर उघडा होता, खाटेएवढा. बाहेरच्यांना तो सहसा दाखवत नसत. तळाशी काळ्या दगडाच्या कपच्या विखुरल्या होत्या. मुटुआ सांगू लागले, की या कपच्या पाण्याच्या लोंढ्यानं वाहत आल्या असाव्यात, असं सध्या तरी वाटतं. पाहुणे उन्हानं कंटाळले होते. कुणी पाणी पीत होतं, कुणी फोटो बघत होतं.

गिताबाईनं चपला काढल्या. चराभोवती एक फेरी घातली, मग दुसरी. मग काठाशी उकिडवी बसली.

"ताई, त्यास्नी सांगा, ह्या व्हावून आलेल्या न्हाईत."

सुषमाताई वळल्या. "कशावरून?"

"आमच्या निमोण्यात धुरपदा वडारीण यायची, पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावाया. अंगणात बसायची, एक पाय पसरून, एक मुडपून. ती उठून गेली की कपच्या झाडायचं काम माझं. आई म्हनायची, पायाला टोचंल, नीट झाड. तवा ध्यानात आलं, जितं तिचा पाय असायचा तितं कपची नसायची. दोन्ही अंगाला ढीग, आन् मधी पायाची रिकामी वाट." तिनं चराकडं बोट केलं. "हितं बघा. ही बारकी बारकी ह्या बाजूला, मोठी त्या बाजूला. आन् मधी ही वाट. पानी व्हावत आलं असतं तर वाट कशाला सोडली असती?"

सुषमाताईंनी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता त्या स्वतःच चरावर वाकल्या. मुटुआंनी चराचा आलेख मागवला, प्रत्येक कपचीची जागा टिपलेला मोठा कागद. तो जमिनीवर पसरला आणि गुडघे टेकून वाकले. कागदावर ठिपकेच ठिपके होते, आणि त्यांच्या मधोमध एक कोरा पट्टा, गुडघ्याशी किंचित वाकलेला. इतके दिवस तो कागद त्यांच्या टेबलावर होता.

"मामा," ते म्हणाले, "तुम्ही काठावर बसून दाखवाल?"

गिताबाई चराबाहेर, त्या पट्ट्याच्या रेषेत बसली. डावा पाय पसरला, उजवा मुडपला. मुटुआंनी फीत लावली. मांडीपासून टाचेपर्यंत तिचा पाय आणि मातीतला पट्टा, दोन बोटांचा फरक.

देसाईंनी डोक्यावरची टोपी काढली होती.

"तोंड कुणीकडं होतं त्याचं?" गिताबाईनं विचारलं, आणि आपणच मान वर करून समोर बघितलं. समोर खोलगट, पांढरी, सुकलेली जमीन पसरली होती.

"तिकडंच तळं होतं," मुटुआ म्हणाले.

म्हणजे इथं बसून ते माणूस दगड घडवत होतं, आणि मधून मधून पाण्याकडं बघत होतं. हत्ती येत असतील. वारा असाच सुटला असेल. मग काम झालं, ते उठलं, मांडीवरच्या कपच्या झटकल्या आणि निघून गेलं. आठ लाख वर्षं त्या जागेवरून कुणीच झाडू फिरवला नाही. गिताबाईनं वाकून चराच्या काठाला हात लावला आणि तो कपाळाला लावला. तिच्या मागं देसाईंनीही तसंच केलं.

मुटुआ शास्त्रातले होते. "हे सिद्ध झालं असं मी आज म्हणणार नाही," ते म्हणाले. "प्रत्येक कपची पुन्हा तपासावी लागेल, एकमेकींना जुळतात का बघावं लागेल." पण संध्याकाळी जेवणाच्या वेळी, ठरलेलं भाषण बाजूला ठेवून, त्यांनी गिताबाईला शेजारी बसवलं आणि टाकी लावण्याबद्दल दीड तास प्रश्न विचारले. सुषमाताई दोघांच्या मधे दुभाषी होऊन बसल्या होत्या. त्यांचं जेवण तसंच गार झालं.

परत आल्यावर शेजारणींनी सिंहाचंच विचारलं. सिंह तिनं बघितला होता, झोपलेला. त्याचं फार काही सांगता आलं नाही. खरं काय ते तिनं रखमाजीला सांगितलं, शेवंतीची जाळी भरता भरता, दोन दिवस थोडं थोडं. तो मेंढक्यासारखा ऐकत राहिला, मधे न बोलता. शेवटी म्हणाला,

"ते बाई हुतं का बापय?"

गिताबाईचा हात थांबला. हे तिच्या मनात आलंच नव्हतं. तिथं कुणाच्याही आलं नव्हतं. सगळे नुसतं माणूस म्हणत होते.

"मापाला माझा पाय बसला की वो," ती म्हणाली.

त्याच दिवशी तिनं सुषमाताईंना फोन लावला. त्यांनी तो प्रश्न, रखमाजीचा म्हणून, तिकडं कळवला. आठवड्यानं मुटुआंचं उत्तर आलं: हे नुसत्या दगडांवरून सांगता येईल असं वाटत नाही, पण प्रश्न मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. कपच्या जुळवायला सुरुवात झालीय. आत्तापर्यंत अकरा जुळल्या. पुढच्या फेब्रुवारीत मामांना बोलवा, आणि ज्यांनी हे विचारलं त्यांनाही.

मल्हारनं रखमाजीचा पासपोर्टचा फॉर्म भरायला घेतला. जन्मतारीख कुणाला ठाऊक नव्हती. रखमाजी म्हणाला, "मेंढरं घाट उतरत हुती तवा झालो, असं आय म्हनायची. लिव्ह कायतरी दिवाळीनंतरची."